युकुलेलेचा जन्मदाखला

मार्टिन कंपनीच्या गिटारवर नंबर असतो. १८९८ पासूनच्या गिटारच्या पोटात तो ठोकलेला असतो, यादीत शोधला की गिटार कुठल्या सालची ते दोन मिनिटांत कळतं. त्याच कंपनीच्या जुन्या युकुलेलेवर मात्र, अगदी सुरुवातीची थोडी सोडली तर, नंबरच नाही. थोरल्याचे सगळे कागद फायलीत लावलेले आणि धाकट्याच्या जन्माची वेळसुद्धा कुणाला नीट आठवत नाही, असं बऱ्याच घरांत असतं. त्यातलाच हा प्रकार. (मी धाकटी. असो.)

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, युकुलेले म्हणजे गिटारचं पिल्लू. चार तारा, जेमतेम एकवीस इंच लांबी, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून वाजवायचं. हवाईचं वाद्य म्हणून जगभर ओळखलं जातं. इथे अमेरिकेत हल्ली पुष्कळ शाळांत मुलांना शिकवतात. आमच्या चिरंजीवांनाही तिसरीत शिकवलं, त्यांच्या तारा सारख्या तुटायच्या, आणि त्यामुळे तारा बदलण्याची विद्या मला आली. हा लौकिक गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण एका शनिवारी सकाळी शेजारच्या आजी एक काळी, कडा झिजलेली पेटी घेऊन दारात उभ्या.

आजी सत्त्याऐंशीच्या. घर विकायला काढलेलं, मुलीकडे ओहायोला राहायला जायचं ठरलेलं. त्याआधी घरातली प्रत्येक वस्तू कुणाला जाणार ते ठरवून तिला चिठ्ठी बांधायचा त्यांचा उद्योग चालला होता. चिठ्ठीवर नुसतं नाव नाही, त्या वस्तूची हकिगतही. युकुलेले नातीच्या मुलीला, वय वर्षं सात. चिठ्ठी अशी: "१९१५. माझ्या आजोबांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनातून माझ्या आईसाठी आणलं." तारा तेवढ्या नव्या घालून हव्या होत्या, म्हणजे पोरीला लगेच वाजवता येईल.

पेटी उघडली आणि मधल्या भोकातून टॉर्च मारला. आत लाकडावर शिक्का होता: सी. एफ. मार्टिन अँड कंपनी, नाझरेथ, पेनसिल्व्हेनिया. त्या वेळी मला त्यातून एवढंच कळलं की हे काम जपून करायला हवं. रात्री नेटवर सहज बघायला बसले आणि बघता बघता दोन महिने त्यातच गेले.

आधी त्या प्रदर्शनाविषयी. पनामा कालवा झाला त्याच्या आनंदात सॅन फ्रान्सिस्कोला १९१५ साली मोठं प्रदर्शन भरलं होतं, फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत. त्यात हवाईचा एक मंडप होता, तिथे रोज हवाईचे वादक वाजवायचे, आणि अमेरिकेतल्या लाखो लोकांनी हे टिचभर वाद्य पहिल्यांदा तिथे ऐकलं. मग जी लाट आली ती पुढची दहा-बारा वर्षं ओसरली नाही. तेव्हा प्रदर्शनाला गेलेल्या बापाने तान्ह्या लेकीसाठी युकुलेले आणलं, यात अशक्य काहीच नाही.

अशक्य आहे ते मार्टिनचं नाव. मार्टिनने १९०७ साली थोडी युकुलेले करून पाहिली होती, पण ती गिटारसारखी भक्कम बांधली, त्यामुळे आवाज बसका निघाला आणि तो नाद सोडून दिला. पुन्हा हात घातला तो १९१५ संपता संपता, आणि रीतसर विक्री सुरू झाली १९१६ मध्ये. कारण? प्रदर्शनामुळे उठलेली मागणी. म्हणजे प्रदर्शन आधी, मार्टिनचं युकुलेले नंतर. सिनेमा गाजल्यावर त्यातल्या नायिकेच्या नावाची साडी बाजारात येते. ती साडी सिनेमाच्या पहिल्या खेळाला नेसून गेले होते असं कुणी सांगितलं, तर आपण काय म्हणू?

म्हणजे चिठ्ठीतला १९१५ पहिल्याच रात्री पडला. पण नुसतं "हे नाही" एवढं घेऊन कुणाच्या दारात जाणं मला बरं वाटेना. हे नाही, तर मग काय?

इथे माझी आजी आठवली. तिला जन्मतारीख नव्हती. आमच्या वडिलांना होती, पण ती १ जून. दोन्ही काकांची १ जून, मामांची १ जून. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, कुणाला ठाऊक नसायचं, मग मास्तर लिहायचे १ जून. महाराष्ट्रातल्या त्या पिढीतली निम्मी माणसं कागदोपत्री एकाच दिवशी जन्मली आहेत. आजी शाळेतच गेली नाही, त्यामुळे तिला तीही तारीख मिळाली नाही. पण वय विचारलं की ती अडायची नाही. "मी मानमोडीनंतरची," असं सांगायची. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. तिचा थोरला भाऊ त्यात गेला आणि ही त्याच्या मागून झाली. हे एक कुंपण. दुसरं कुंपण तिच्या लग्नाचं. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार, मग चौदा वर्षं पुरी झाल्याशिवाय मुलीचं लग्न करता येणार नाही, म्हणून त्याच्या आत घाईघाईने तिचं लग्न उरकलं. बोहल्यावर उभी राहिली तेव्हा तिचे पुढचे दात पुरते आलेले होते, असं तिची जाऊ सांगायची. एवढ्यावरून आम्ही नातवंडांनी तिचं साल १९१९ धरलं होतं. तारीख नाही, पण "याच्या नंतरची" आणि "त्याच्या आधीची" या दोन कुंपणांच्या मध्ये ती कुठेतरी होती.

जुन्या युकुलेलेचं वय असंच काढतात. फक्त माणसाला विचारता येतं, इथे खुंट्यांना आणि घोडीला विचारायचं.

या वाद्याची स्वतःची जन्मतारीख मात्र विलक्षण चोख आहे. पोर्तुगीजांच्या मदैरा बेटावरून निघालेलं रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज चार महिन्यांचा प्रवास करून २३ ऑगस्ट १८७९ रोजी होनोलुलूला लागलं. त्यातली माणसं उसाच्या मळ्यांवर मजुरी करायला आणलेली. त्यांत तीन सुतार होते, मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि होझे दो एस्पिरितो सांतो. आपल्या बेटावरचं माशेत नावाचं चार तारांचं छोटं वाद्य त्यांना ठाऊक होतं. मळ्यावरची मुदत संपल्यावर हे तिघे फर्निचरच्या कामाबरोबर वाद्यंही बनवू लागले, तिथल्याच कोआच्या लाकडाची. हवाईच्या लोकांनी आणि खुद्द राजा कालाकाउआने ते उचलून धरलं. मिरजेला शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सतारी-तंबोरे करायला घेतले, तसलीच ही गोष्ट. (कोआ म्हणजे आपल्या परिचयाच्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा भाऊबंद. कोकणात रस्त्याकडेला वनखात्याने लावलेली, सरपणाशिवाय कशाला उपयोग नाही म्हणून आपण नाकं मुरडतो ती. तिच्या या भावाचं लाकूड मात्र जाळीच्या सोनेरी रेषांचं, आणि महाग.)

या नुनेस महाशयांनी पुढे एक गंमत करून ठेवली. आपल्या वाद्यांत त्यांनी चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर छापलं की १८७९ साली युकुलेलेचा शोध लावणारे आम्हीच. आता माळ्यावर असं वाद्य सापडलं की माणूस आत डोकावतो, १८७९ वाचतो आणि हर्षवायू झाल्यासारखा नाचतो. चिवड्याच्या पाकिटावर "स्थापना १९३५" लिहिलेलं असतं, म्हणून आतला चिवडा कुणी १९३५ चा समजत नाही. पण वाद्याच्या बाबतीत समजतात. नुनेसच्या वाद्याचं खरं वय काढायचं तर चिठ्ठीवरचा पत्ता बघायचा आणि होनोलुलूच्या जुन्या डिरेक्टऱ्यांत ते दुकान कुठल्या वर्षी कुठल्या रस्त्यावर होतं ते शोधायचं. त्या गावालाही प्लेगचं साल आहे. आपल्याकडे मुंबईत १८९६ ला आणि पुण्यात १८९७ ला आलेली तीच साथ पुढे होनोलुलूला पोचली. तिथे प्लेगची घरं मुद्दाम जाळत असताना २० जानेवारी १९०० ला वारा फिरला आणि सगळा चायनाटाउन भस्मसात झाला. रँडच्या काळातल्या पुण्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला हवाईच्या वाद्यामागे शोधत जाताना तोच प्लेग भेटेल असं वाटलं नव्हतं.

अशी कुंपणं पुष्कळ आहेत आणि ती गोळा करण्यात मला भलतीच मजा येऊ लागली. वाद्यावर "मेड इन ऑक्युपाइड जपान" असेल तर ते १९४५ ते १९५२ मधलंच, जपान अमेरिकेच्या ताब्यात होता तेवढ्याच वर्षांतलं. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ च्या नंतरचं, कारण तो तेव्हा सुरू झाला. खुंटीच्या स्क्रूवर फुलीची खाच असेल तर तो स्क्रू साधारण १९३०च्या दशकाच्या मध्यानंतरचा. कामाका या हवाईच्या घराण्याचं असेल आणि आत सोनेरी चिठ्ठी असेल तर १९५४ ते १९६९, पांढरी असेल तर त्यानंतरचं. अख्खं प्लास्टिकचं असेल तर बहुधा १९४९ नंतरचं, तेव्हा माकाफेरी नावाच्या माणसाने प्लास्टिकची युकुलेले काढली आणि ती लाखांनी खपली.

आजींच्या युकुलेलेला यातलं काही लागू पडत नव्हतं. शिवाय जो पुरावा सहज दिसतो तो सहज बदलताही येतो, हे या शोधातलं खरं दुखणं. तारा नायलॉनच्या होत्या. पूर्वी आतड्याच्या असत, नायलॉन आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. पण तारा काय, कुणीही कधीही बदलतो, मीच बदलणार होते. खुंट्या बदलतात. पेटी तर दुसऱ्याच वाद्याची असू शकते. साक्षीदार खोटं बोलत नाही, पण तो त्या घटनेच्या वेळी हजर होता का हे आधी बघावं लागतं.

काही साक्षीदार आवडतात, पण उपयोगी पडत नाहीत. युकुलेलेच्या कडेला पिवळट पांढरी पट्टी होती, हस्तिदंतासारखी दिसणारी. ती सेल्युलॉइडची. बोटाने जोरात घासून नाकाशी धरली तर चक्क कापराचा वास आला! सेल्युलॉइड कापूर घालूनच करतात. न्यू जर्सीतल्या स्वयंपाकघरात, कुठल्याशा अमेरिकन बाईच्या वाद्यातून देवघराचा वास यावा, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण सेल्युलॉइड १८७० पासून आहे आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं वापरात होतं, त्यामुळे वय काढायला त्याचा उपयोग शून्य. तसंच वरच्या पॉलिशचं. जुन्या पद्धतीचं पॉलिश लाखेचं असतं, आपल्या बांगड्यांच्या लाखेचं, आणि ती लाख बरीचशी हिंदुस्थानातूनच जायची. अतिनील दिव्याखाली लाख नारिंगी चमकते. आमच्या नवऱ्याने असा दिवा आणून दिला (मूळ उद्देश तळघरात विंचू आहेत का ते बघण्याचा, न्यू जर्सीत विंचू नसतात हे त्याला नंतर कळलं). नारिंगी काही दिसलं नाही, हिरवट दिसलं. म्हणजे लाख नाही, कारखान्यात फवारलेलं लॅकर, जे १९२०च्या दशकाच्या मध्यापासून रुळलं. चला, एक कुंपण पुढे सरकलं.

लाकडाची वर्षं मोजता येत नाहीत का, असं मला भावाने फोनवर विचारलं. येतात, व्हायोलिनची येतात. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात स्ट्रादिव्हारीचं "मसाया" नावाचं १७१६ चं व्हायोलिन आहे, ते खरं की नंतरची नक्कल यावर मोठा वाद झाला. तेव्हा त्याच्या पुढच्या फळीतल्या वर्षकड्या मोजल्या, शेवटची निघाली १६८०च्या दशकातली. म्हणजे स्ट्रादिव्हारीच्या हयातीशी जुळलं. पण तिथेही उत्तर "नंतरचं" एवढंच मिळतं बरं का, झाड त्याआधी तोडलेलं नाही एवढंच. आणि ती फळी थंड प्रदेशातल्या स्प्रूसची. आजींचं युकुलेले महोगनीचं. उष्ण प्रदेशातल्या झाडाला असा दरवर्षीचा स्वच्छ हिशेब ठेवायची सवय नसते. आमच्या आजीसारखंच.

शेवटी नाझरेथलाच गेले. एडिसनहून २८७, मग ७८, मग ३३ नंबरचा रस्ता, दीड तासाच्या आत पोचतो माणूस. मार्टिनचा कारखाना अजून तिथेच आहे आणि त्यांचं छोटं संग्रहालयही आहे. तिथल्या काचेच्या कपाटांपुढे मी फोनमधले फोटो हातात धरून इतका वेळ वाकून उभी होते की सुरक्षारक्षक दोनदा येऊन गेला. तिथून पुढे त्याच भागातल्या एका जुन्या वाद्यदुरुस्तीवाल्याकडे गेले, युकुलेले घेऊन. त्यांनी भिंग लावलं, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग तीन जागा दाखवल्या.

पहिली, डोक्याची मागची बाजू. तिथे लाकडात दाबून उठवलेला कंपनीचा शिक्का. हा शिक्का १९१६ पासून १९३५ च्या सुमारापर्यंत मारत.

दुसरी, डोक्याची पुढची बाजू. सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव, खाली "स्थापना १८३३". (पुन्हा चिवड्याचं पाकीट! आजींच्या मुलाने लहानपणी शाळेत सांगितलं होतं म्हणे, की आमच्याकडे १८३३ चं युकुलेले आहे. रेव्हन्सक्रॅग जहाजाच्या शेहेचाळीस वर्षं आधीचं.) हे पाण्याने चिकटवायचं चित्र असतं, आणि ते लावायला सुरुवात झाली १९३२ च्या आसपास.

तिसरी जागा मला एकटीला कधीच दिसली नसती. सतारीला जसे पडदे तसे युकुलेलेच्या गळ्यावर धातूचे पडदे ठोकलेले असतात. हल्लीचे पडदे इंग्रजी टी अक्षरासारखे असतात, वर गोल टोपी आणि खाली लाकडात रुतणारा पातळ पाय. जुने म्हणजे साधी चपटी पट्टी, वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची. मार्टिनने चपट्या पट्ट्या सोडून टी धरला १९३४ साली. आजींच्या युकुलेलेच्या पडद्यांना टोपी नव्हती.

पुढे नाव आहे, म्हणून १९३२ च्या आसपासचं किंवा नंतरचं. टोपी नाही, म्हणून १९३४ च्या आधीचं किंवा फार तर त्याच साली बाहेर पडलेलं. आणि मागचा शिक्का दोन्हीशी जुळणारा. "नाव नंतर कुणी चिकटवलं असेल तर?" मी विचारलं. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. नावाच्या वर लॅकरचा थर अखंड होता आणि त्याला डोक्याच्या बाकीच्या भागासारख्याच बारीक भेगा गेल्या होत्या. एकाच वेळचं काम. दोन वर्षांची फट. आमच्या आजीच्या बाबतीतही आम्हाला एवढी अरुंद फट कधी मिळाली नाही.

परत येताना गाडीत मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण १९३३ हे साल डोक्यातून जाईना. अमेरिकेच्या मंदीचा तो तळ होता, चारातला एक कामकरी बेकार होता. युकुलेलेची लाट ओसरलेली. खुद्द मार्टिन कंपनी गिटारी खपेनात म्हणून व्हायोलिनचे सुटे भाग आणि लाकडी दागिने करून दिवस ढकलत होती. अशा वर्षात कुणीतरी दुकानात जाऊन, सगळ्यांत साधंही नाही, तर कडेला पांढरी पट्टी असलेलं, थोडं वरच्या दर्जाचं युकुलेले विकत घेतलं. हौस म्हणून घेतलं नसेल. अशा वर्षी कुणी असं काही घेतं ते कुणासाठी तरी.

नवरा म्हणाला, "कशाला सांगतेस म्हातारीला? तारा घाल आणि देऊन टाक. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, तिच्या आजोबांची गोष्ट घेऊन तुला काय करायचंय?" त्याचं अगदीच चूक नव्हतं. मला हे कुणी विचारलं नव्हतं. तारा घालायला सांगितल्या होत्या. पण मला ती सात वर्षांची पोर दिसत होती. ती मोठी होणार, एक दिवस फोनवर हे वाद्य शोधणार आणि एका मिनिटात तिला कळणार की चिठ्ठी चुकीची आहे. तेव्हा विचारायला कुणी नसेल. आत्ता आहे. उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस जगात उरलंय आणि ते दोन आठवड्यांनी ओहायोला चाललंय. मी सांगायचं ठरवलं.

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पडदे भिंगातून पाहिले. मग म्हणाल्या, "आजोबा प्रदर्शनाला गेले होते, हे मात्र खरं." उठून ड्रॉवरमधून एक काशाचं पदक काढून आणलं, तिथे स्मरणचिन्ह म्हणून विकायचे ते. त्यावर १९१५. मी म्हटलं, "त्यात मला शंकाच नाही. कदाचित तिथून एक युकुलेले आणलंही असेल. पण हे ते नाही."

"तीस ते चौतीसमध्ये म्हणतेस?"

"बत्तीस ते चौतीस."

त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "आजोबा एकतीसच्या हिवाळ्यात गेले," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यांची आई तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. आई-वडिलांची ओळख झाली १९३५ मध्ये, लग्न पुढच्या वर्षी. हे त्यांनीच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

"बाबा घरी असले की आई हे कधी वाजवायची नाही. त्यांना कामावरून आल्यावर आवाज सहन होत नाही, असं आम्हाला सांगायची." आजींनी युकुलेले उलटं करून मागचा शिक्का अंगठ्याने चाचपला. "आणि बाबा चर्चमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. घरी सराव करायचे. रोज."

त्या एकदम हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मी काही हसले नाही, मला कळेना हसावं की नाही. मग त्या म्हणाल्या, "लहानपणी आम्ही विचारायचो, आई हे कुणी दिलं? तर ती लगेच सांगायची, आजोबांनी, प्रदर्शनातून. विचार करावाच लागायचा नाही तिला. मला नेहमी वाटायचं, किती लख्ख आठवतंय हिला. एक वर्षाची होती की ती तेव्हा!"

कुणी दिलं ते आम्हाला कळलं नाही आणि कळणारही नाही. वाद्याला साल सांगता येतं, नाव सांगता येत नाही. मी आजींना विचारलं, तुम्हाला हे न कळतं तर बरं झालं असतं का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढे काही विचारलं नाही.

चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर बदलली. जुनी फाडली नाही, सोडून त्या पदकाला बांधली, त्यातलं "माझ्या आजोबांनी" आणि "१९१५" तेवढं ठेवून बाकीचं खोडलं. युकुलेलेसाठी नवी घेतली. पेन तोंडाशी धरून पुष्कळ विचार केला आणि लिहिलं: "माझ्या आईचं. १९३२ ते १९३४ मधलं. तिला फार आवडायचं." मग माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आता यात काही चूक आहे का बघ." नव्हती.

तारा घालून दिल्या. नव्या तारा आठवडाभर उतरत राहतात, रोज थोड्या पिळाव्या लागतात, हे मी दोनदा सांगितलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. पहिली तार पुन्हा उतरलीय आणि आता जाण्याआधी मला हे शिकायचंच आहे, येतेस का?